लाल फुलांआधी काळी काच

फुलांनी भरलेली बाल्कनी हा विषय तसा धोक्याचाच. इतका गोड, की कॅनव्हास कोरा असतानाच चित्र कॅलेंडरवर छापून आल्यासारखं दिसायला लागतं. समोरच्या इमारतीतली ती खिडकी मी बरेच दिवस बघत होते आणि याच भीतीने टाळत होते. पांढरी भिंत, निळं आकाश, पॅलेट नाइफने थापलेले लाल-गुलाबी गोळे अशी चित्रं ढिगाने होतात. त्यांत प्रत्येक फूल सारखंच भडक असतं, म्हणून एकही फूल उजळत नाही.

मला त्या खिडकीत चित्र दिसलं ते काचेमुळे. सकाळचं ऊन तिरकं येऊन समोरच्या भिंतीवर पडतं, भिंत लख्ख होते, पण खिडकीचं तावदान मात्र काळपटच राहतं. काचेत समोर असेल ते दिसतं, आणि तिच्या समोर आहे आमच्या इमारतीची सावलीतली बाजू. खिडकीला दोन दारं. त्यातलं एक रोज अर्धवट उघडं असायचं आणि तिरकं असल्यामुळे त्यात दोन इमारतींमधल्या फटीतलं आकाश उतरायचं. म्हणजे एकाच चौकटीत एक खोल काळं तावदान आणि शेजारी एक फिकट निळी पट्टी. खाली कठड्याला टांगलेल्या कुंड्यांत जिरेनियमचे लाल तुरे, आणि डाव्या बाजूने वर गेलेली बोगनवेल.

गंमत अशी की लाल तुरे पांढऱ्या भिंतीसमोर जिथे होते तिथे चक्क गडद डाग वाटत होते. तेच तुरे काचेसमोर आले की पेटत होते. ऊन तेच, झाड तेच. बोगनवेलीचंही तसंच. भिंतीवर ती नुसती रंगीत, काचेवर ती उजळ. मग ठरवलं, रंगवायची ती काच. फुलं तिच्यामुळे दिसतील तेवढी दिसतील.

आधी पेन्सिलने छोटी छोटी स्केचेस केली, काडेपेटीएवढी. यात फुलं नाहीतच. फक्त तीन टोन: गडद, मधला, उजळ. डोळे किलकिले करून बघितलं की तपशील विरघळतात आणि हे तीन ठोकळे उरतात. काच आणि बाल्कनीच्या पोटातली सावली गडद. पानं, फुलं, वरच्या छज्जाची सावली मधल्या टोनची. उन्हातली भिंत आणि कुंड्यांच्या कडा उजळ. जिरेनियमचा लाल मधल्या टोनमध्ये गेला हे मला तेव्हाच टिपून ठेवावंसं वाटलं, कारण मन त्याला सतत ‘उजळ’ म्हणत असतं. लाल रंग लक्ष वेधतो, म्हणून तो उजळ आहे असा आपला समज होतो. पांढऱ्या भिंतीच्या तुलनेत तो बराच गडद असतो.

रचनेचे बरेच प्रकार करून पाहिले. खिडकी मधोमध घेतली की चित्र पासपोर्ट फोटोसारखं ताठ होत होतं. शेवटी खिडकी उजवीकडे सरकवली, तिचं वरचं टोक कॅनव्हासबाहेर कापलं आणि डावीकडे भिंतीला ऐसपैस जागा दिली. सोळा बाय वीस इंचाचा उभा कॅनव्हास. तिरकं उघडं दार त्यात आपोआप महत्त्वाचं झालं, कारण बाकी सगळ्या रेषा उभ्या-आडव्या होत्या आणि हीच एक तिरपी.

वेळेचं कोडं वेगळंच होतं. वरच्या छज्जाची सावली भिंतीवरून खाली सरकते, कारण सूर्य जसजसा वर चढतो तसतशी छज्जाखालची सावली लांब होते. साडेआठला ती खिडकीच्या वरच्या चौकटीपाशी असायची, साडेनऊच्या सुमारास तिने तावदानाचा वरचा हिस्सा गिळलेला असायचा, आणि दहानंतर बोगनवेलीचा शेंडाही सावलीत जायचा. मी नऊची वेळ धरली. त्या वेळी सावलीची कड तिरकी होऊन तावदानावरून जात होती आणि खालचे सगळे तुरे उन्हात होते. नऊच्या अलीकडे-पलीकडे वीस मिनिटं, बस. त्यानंतर दिसेल ते चित्रात घालायचं नाही. फ्रेंच चित्रकार मोने रुआँच्या कॅथेड्रलसमोर एकाच वेळी अनेक कॅनव्हास मांडून बसायचा आणि उजेड बदलला की कॅनव्हास बदलायचा, ते काही हौस म्हणून नव्हे. सावल्या दोन वेगवेगळ्या वेळच्या झाल्या की चित्र कुठेतरी खोटं वाटतं, आणि बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही.

फोटो काढून त्यावरून रंगवणं सोपं होतं, असं कुणीही म्हणेल. काढलेही फोटो. पण उन्हातला गडद लाल फोनच्या कॅमेऱ्याला झेपत नाही. लाल रंगाची नोंद कमाल मर्यादेला जाऊन चिकटते आणि तुऱ्यातला सगळा उतारचढाव सपाट होऊन एकच लाल धब्बा उरतो. काच उलट पूर्ण काळी येते. डोळ्याला त्या काळ्यात पडद्याची घडी दिसत होती, आमच्या इमारतीच्या खिडक्यांचे अंधुक चौकोन दिसत होते. फोटोचा उपयोग मी फक्त कठड्याचे गज आणि खिडकीची प्रमाणं तपासायला केला.

हा विषय हाताळलेल्या जुन्या लोकांकडेही बघून घेतलं. एदुआर मानेचं ‘द बाल्कनी’ १८६८-६९ मधलं. हिरव्या झडपा, हिरवा कठडा, पुढे बसलेली चित्रकार बर्थ मोरिसो, खाली कोपऱ्यात हायड्रेंजियाची कुंडी. मागची खोली जवळजवळ काळी आहे, आणि त्या काळ्यामुळेच पुढचे पांढरे कपडे अंगावर येतात. कायबोतने १८८० मध्ये भलतंच केलं. बाल्कनीच्या लोखंडी कठड्याची नक्षी त्याने कॅनव्हासभर पसरवली आणि पलीकडचा रस्ता धूसर ठेवून दिला. मोनेने १८६७ मध्ये सँत-आद्रेस इथली समुद्राकाठची बागेची गच्ची रंगवली, त्यातली फुलं जवळून पाहिली तर रंगाचे सुटे ठिपके आहेत. मला सगळ्यांत उपयोगी पडला तो माने. त्याच्या त्या चित्रात एक अंधार आहे आणि बाकी सगळं त्या अंधाराच्या जिवावर उभं आहे.

कॅनव्हासवर आधी फिकट करड्या रंगाचा हात दिला, त्यात किंचित यलो ऑकर, म्हणजे मातकट पिवळा. जुन्या अकादमीच्या पद्धतीत तपकिरी गडद जमिनीवरून, म्हणजे अशा पहिल्या हातावरून, उजळाकडे यायचे. दृक्प्रत्ययवाद्यांनी, म्हणजे मोने वगैरे इम्प्रेशनिस्टांनी, जमीन बहुतेक वेळा फिकट ठेवली, म्हणून त्यांच्या फटकाऱ्यांच्या फटींतूनही उजेड येतो. अगदी पांढऱ्या जमिनीवर मला काम करता येत नाही. त्यावर पहिला कुठलाही रंग गडदच वाटतो आणि पुढचे सगळे अंदाज बिघडतात.

रेखाटन पातळ अल्ट्रामरीन निळ्याने, ब्रशनेच. पट्टी घेतली नाही. खिडकीची चौकट हाताने ओढली की ती जराशी डुलते, आणि तिच्याशेजारी फुलांचे बेशिस्त ठिपके आले तरी दोन वेगळ्या चित्रांतून आणून चिकटवल्यासारखं वाटत नाही. एकच काळजी घेतली. उभ्या रेषा डुलल्या तरी कलंडता कामा नयेत. इमारत पडायला आली तर फुलांकडे कोण बघणार?

मग काच. ट्यूबमधला काळा वापरायचा नाही असं काही व्रत नव्हतं. माने, रेन्वार दोघांनीही काळा वापरला आहे. पण मोनेच्या १८७७ च्या सँ-लाझार स्टेशनच्या चित्राची लंडनच्या नॅशनल गॅलरीत तपासणी झाली, तेव्हा त्यातले ते धुरकट काळे भाग निळे, हिरवे, लाल असे उजळ रंग एकमेकांत मिसळून केलेले निघाले. काळी रंगद्रव्यं जवळजवळ नाहीतच. याचा फायदा हातात ब्रश घेतल्यावर कळतो. असा मिसळून केलेला गडद रंग एका टोकाला निळसर, दुसऱ्या टोकाला तांबूस असा वळवता येतो. माझं मिश्रण अल्ट्रामरीन, तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना आणि थोडं गडद किरमिजी ॲलिझरिन क्रिमझन असं होतं. तावदानाच्या वरच्या भागात, छज्जाच्या सावलीत, ते निळ्याकडे नेलं. खाली, जिथे खोलीतल्या पडद्याची चाहूल होती, तिथे सिएना वाढवलं. टर्पेंटाइनमध्ये पातळ करून पहिला थर, वरचे थर जवसाच्या तेलातले. तैलरंगात खालचा थर रोड आणि वरचा तेलकट असावा लागतो. उलट झालं तर वरचा आधी सुकतो, खालचा नंतर हलतो आणि तडे जातात.

काच पुरी होईपर्यंत एकही फूल लावलं नाही. हा भाग कंटाळवाणा आहे हे कबूल. लाल ट्यूब समोर पडलेली असते आणि तुम्ही तासभर करड्याच्या छटा घोटत बसता. पण त्या दिवशी काम थांबवलं तेव्हा कॅनव्हासवर एक काळं तावदान, एक निळी तिरकी पट्टी आणि भिंतीचा फिकट पिवळसर पट्टा एवढंच होतं, आणि मला ते तेवढंच आवडलं होतं.

पानांना लोक फार हलक्यात घेतात. ट्यूबमधला व्हिरिडियन हिरवा तसाच लावला की तो प्लॅस्टिकचा दिसतो. बाल्कनीतल्या त्या गर्दीत हिरव्याचे किमान तीन स्वभाव होते. वरून ज्या पानांवर आकाश पडत होतं ती निळसर करडी. ज्यांच्यातून ऊन आरपार येत होतं ती पिवळी, जवळजवळ लिंबाच्या रंगाची. आणि आतली, एकमेकांच्या सावलीतली, काळपट तांबूस हिरवी. पहिल्यासाठी सेरुलियन निळा, पांढरा आणि चिमूटभर हिरवा. दुसऱ्यासाठी कॅडमियम यलो आणि अगदी थोडा व्हिरिडियन. तिसऱ्यासाठी तेच काचेचं मिश्रण, त्यात व्हिरिडियन. तिसरं मिश्रण काचेतूनच आल्यामुळे पानांची मागची रांग काचेत विरघळली. कुठे पान संपलं आणि कुठे काच सुरू झाली हे सांगता येत नव्हतं. कडा अशा हरवल्या की पुढच्या कडा सापडतात. सगळ्याच कडा धारदार ठेवल्या तर नजरेला थांबायला जागा राहत नाही.

जिरेनियम. उन्हातला लाल रंग उजळ करायचा म्हणून त्यात पांढरा घातला की तो गुलाबी होतो आणि उष्णता जाते. म्हणून उजळ बाजूसाठी पांढऱ्याऐवजी नारिंगीकडे सरकायचं. कॅडमियम रेड लाइट आणि थोडा कॅडमियम ऑरेंज. सावलीच्या बाजूला ॲलिझरिन आणि अल्ट्रामरीन. तुऱ्याचा एकूण गोलपणा दोनच फटकाऱ्यांत सांगायचा, एक उन्हाचा, एक सावलीचा. पाकळ्या मोजायच्या नाहीत. चपटा ब्रश रंगाने भरून घ्यायचा, टेकवायचा, उचलायचा, पुसायचा. परत त्याच जागी जायचं नाही. ओल्यावर ओलं काम करताना दुसऱ्यांदा गेलं की खालचा हिरवा वर येतो आणि लाल मातकट होतो. माझ्या डाव्या हातात सतत चिंधी असायची, आणि रंगापेक्षा चिंध्याच जास्त संपल्या.

लाल आणि हिरवा शेजारी आले की दोन्ही कडक होतात हे आपण शाळेत ऐकलेलं असतं. त्यामागचा माणूस मिशेल-युजीन शेव्ह्रल. पॅरिसच्या गोबलँ भित्तिपटांच्या कारखान्यात तो रंगाईचा प्रमुख होता. काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार आली, त्याने तपासलं तर काळ्या रंगात काही खोट नव्हती. शेजारच्या धाग्यांच्या रंगांमुळे तो फिका भासत होता. याच शोधातून १८३९ मध्ये रंगांच्या परस्परविरोधावरचं त्याचं पुस्तक आलं आणि पुढच्या चित्रकारांच्या पिढीने ते उचललं. कॅनव्हाससमोर हे फार व्यावहारिक ठरतं. लाल पुरेसा पेटत नसेल तर लाल बदलण्याआधी शेजारचा हिरवा करडा करून बघायचा. मी उजव्या कुंडीपाशी असंच केलं. लाल तसाच ठेवला आणि त्याला लागून असलेली दोन पानं मारून टाकली. तुरा पुढे आला.

याच टप्प्यावर चित्राचा काळा-पांढरा फोटो काढून बघितला. काचेसमोरचे तुरे स्पष्ट उठून दिसत होते, पण पानांच्या गर्दीतले तुरे गायब. लाल आणि हिरवा दोन्ही एकाच टोनचे झाले होते. आधी ते दुरुस्त करायला ब्रश उचलला, मग थांबले. मोनेच्या १८७२ च्या ‘इम्प्रेशन, सनराइज’मधला नारिंगी सूर्य काळ्या-पांढऱ्या प्रतीत आकाशात असाच जवळजवळ नाहीसा होतो. मेंदूविज्ञानाच्या संशोधक मार्गारेट लिव्हिंगस्टन यांनी ते दाखवून दिलं आहे. मेंदूचा जो भाग वस्तूची जागा आणि हालचाल ओळखतो त्याला रंग कळत नाही, फक्त उजेड-अंधार कळतो. टोन सारखे असले की त्या भागाला सूर्य सापडत नाही, रंग बघणाऱ्या भागाला मात्र सापडतो, आणि म्हणून तो थरथरल्यासारखा वाटतो. माझ्या पानांतले तुरे तसेच हलत होते. मग काचेसमोरचे तुरे ठाम आणि पानांतले थरथरते असा भेदच ठेवून दिला. सगळीकडे थरथर ठेवली असती तर डोळे दुखले असते.

बोगनवेलीने सगळ्यांत जास्त त्रास दिला. तिचा तो किरमिजी-जांभळा कॅडमियमच्या लालातून येत नाही. मी क्विनॅक्रिडोन मॅजेंटा वापरला. ही रंगद्रव्यं विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच चित्रकारांच्या हाती आली, म्हणजे मोने-मोरिसोकडे ती नव्हतीच. रंग मिळाला तरी पोत उरतोच. बोगनवेलीचं रंगीत जे दिसतं ती फुलं नसून पातळ कागदासारखी पानंच असतात, खरं फूल आत इवलंसं पांढरट. कागदासारखी असल्यामुळे ऊन त्यांतून आरपार जातं. जाड रंग थापला तर हा हलकेपणा मेला. म्हणून बोगनवेल पातळ लावली, काही ठिकाणी नुसती जमिनीवर घासली, आणि ऊन आरपार येतं तिथे मॅजेंटात थोडा नारिंगी. जाड रंग सगळा जिरेनियमसाठी राखून ठेवला. एकाच चित्रात जाड आणि पातळ शेजारी असले की जाड जवळ येतं, पातळ मागे जातं. जिरेनियम कठड्याबाहेर लोंबत होतं आणि बोगनवेल भिंतीला टेकली होती, त्यामुळे हे हिशेबातही बसलं.

मध्येच एकदा समोरच्या घरातून कुणीतरी सुकलेले तुरे खुडून टाकले. माझ्या डाव्या कुंडीतला सगळ्यांत मोठा लाल गेला. झाडाच्या दृष्टीने ते योग्यच, खुडल्याने नवे तुरे येतात. मी चित्रातला तुरा तसाच ठेवला. दुसऱ्या एका सकाळी कठड्यावर धुतलेलं पांढरं कापड वाळत घातलेलं दिसलं आणि मी ते लगेच चित्रात उचललं. इतके दिवस चित्रात सर्वांत उजळ जागा भिंत होती, आणि ती फार मोठी, पसरट होती. ते कापड छोटं, कडक पांढरं, आणि त्याच्या घडीत आजूबाजूच्या लालाची झाक उतरलेली. भिंतीचा पांढरा मग मी एक पायरी खाली आणला, त्यात यलो ऑकर वाढवला. चित्रातलं शुद्ध पांढरं आता तेवढ्या एका कापडावर आहे.

सावलीतली भिंत पांढरी नसते, निळसर असते, हे पाठ असतंच, कारण तिथे सूर्य पोचत नाही, आकाश पोचतं. पण छज्जाचा तळ बघितला तर तो चक्क उबदार होता. बाल्कनीच्या फरशीवर पडलेलं ऊन उसळून वर तळाला लागत होतं. आणि बोगनवेलीच्या अगदी शेजारची भिंत हलकी गुलाबी. हे सगळे रंग ट्यूबमधून काढले तर भडक होतात. मी पॅलेटवर उरलेल्या करड्यांतच एकेक थेंब घालून ते केले. पॅलेट कधी पूर्ण पुसायचं नाही, हा माझा जुना शिरस्ता इथे कामी आला.

कठड्याचे गज शेवटी. सगळे काढले असते तर फुलं तुरुंगात गेली असती. ओल्या रंगात ब्रशच्या दांड्याने ओरखडे काढून काही गज केले, खालची फिकट जमीन उघडी पडली आणि उन्हातल्या लोखंडाची चमक फुकट मिळाली. काही गज गडद फटकाऱ्याने. बाकीचे बघणारा स्वतःच पुरे करतो.

थांबायचं कधी, हे ठरवणं अवघड होतं. १८७४ च्या पॅरिसमधल्या दृक्प्रत्ययवाद्यांच्या पहिल्या प्रदर्शनावर टीका झाली त्यातला एक सूर चित्रं अर्धवट आहेत असाच होता, आणि खरं सांगायचं तर चित्र रंगवत असताना तो टीकाकार आपल्याही डोक्यात बसलेला असतो. मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बघायचे. तिथून ऊन दिसलं की ब्रश ठेवायचा, जवळ जाऊन तपशील शोधायचा नाही. डाव्या कोपऱ्यात खाली जमिनीचा रंग उघडा राहिला आहे. तो झाकावा असं एकदा वाटलं, पण तिथे फटकारे मारले की नजर तिकडेच जात होती, म्हणून खरवडून परत उघडा केला.

सुकायला वेळ लागला. जवसाचं तेल उडून जात नाही, हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं, आणि त्यातही प्रत्येक रंगाची चाल वेगळी. सिएना लवकर सुकलं, कॅडमियम आणि ॲलिझरिन रेंगाळले. भिंत बोटाला कोरडी लागत होती तेव्हा तुरे अजून चिकट होते. व्हार्निश लावणार नाही. पिसारोसारख्या दृक्प्रत्ययवाद्यांना चित्राचा पृष्ठभाग मॅटच हवा असायचा, आणि माझ्या काचेलाही वरून आणखी चकाकी नको आहे. चौकट साधी, पांढऱ्याकडे झुकणारी. सोनेरी चौकटीने ते वाळत घातलेलं कापड मळकं दिसलं असतं.

आता दुसरा कॅनव्हास सुरू आहे, तीच खिडकी, संध्याकाळी. तिथे सगळं उलटं आहे. उजेड कमी झाला की डोळ्याला लाल आधी काळा पडताना दिसतो, निळं-हिरवं त्या मानाने उजळ राहतं. चेक शास्त्रज्ञ यान पुर्किन्येने हे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच नोंदवून ठेवलं होतं. म्हणजे सकाळी पेटलेले तुरे संध्याकाळी पानांहूनही गडद, आणि आत दिवा लागला की काच सर्वांत उजळ. लाल ट्यूब जवळजवळ उघडलेलीच नाही. अडचण फक्त खिडकीच्या अगदी जवळच्या फुलांची आहे. त्यांच्या मागून दिव्याचा उजेड येतो आणि कडेच्या काही पाकळ्या तेवढ्या लाल राहतात. तिथे सुकलेल्या पिवळ्यावर ॲलिझरिनचा पारदर्शक थर द्यावा की ओल्या पिवळ्यात एकदाच ब्रश टेकवून मोकळं व्हावं, हे ठरत नाहीये. सध्या जुन्या कॅनव्हासच्या तुकड्यावर दोन्ही करून बघते आहे. पारदर्शक थराचा तुकडा जास्त खरा दिसतो, पण त्यासाठी खालचा पिवळा पूर्ण सुकेपर्यंत बाकीचं चित्र थांबवावं लागेल.